गावावर ग्रोथ सेंटर येतंय? आरोग्यावर नि समाजावर काय परिणाम होईल ते स्वतः कसं तपासायचं

कोकणात सध्या ज्या गावात जाल तिथे एकच विषय, आमचं गाव त्या यादीत आहे का हो. सागरी महामार्ग येणार, ग्रोथ सेंटर (म्हणजे ठरवून नवी वस्ती नि उद्योग वाढवायची जागा) येणार, सिडको (शहरं वसवणारं सरकारी महामंडळ) येणार, जमिनीला भाव येणार. यातलं किती खरं किती खोटं ते ज्याच्या त्याच्या एजंटला माहीत. पण प्लॅन आला तर त्याचा गावातल्या माणसांच्या तब्येतीवर, पाण्यावर, रोजीरोटीवर काय परिणाम होईल हे कोण बघणार, असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. परदेशात हे काम रीतसर होतं, न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्च शहराच्या आसपासची वाढ कुठल्या दिशेने न्यायची हे ठरवताना २००६ च्या सुमारास आरोग्य परिणामांचा वेगळा अहवाल करून हवा, पाणी, घरं, वाहतूक, लोकांचा आपसातला संबंध असं सगळं आधीच तपासलं होतं. आपल्याकडे प्रादेशिक योजनेसाठी असं मूल्यांकन कायद्याने सक्तीचं नाही. म्हणून कोणी करत नाही. मग गावानेच करायचं, आणि ते जमतं, त्यासाठी डॉक्टरेट लागत नाही.

हा लेख नवख्या माणसांसाठी आहे. ज्यांनी आयुष्यात कधी हरकत अर्ज लिहिला नाही त्यांच्यासाठी.

आधी हे बघा की तुमच्या गावावर नक्की काय आलंय

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या रंगीत पीडीएफवर विश्वास ठेवू नका. नगररचना कार्यालयात जा, अलिबाग, रत्नागिरी, ओरोस, जे तुमचं असेल ते, आणि अधिसूचना मागा. नाही दिली तर माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपये फी आणि ३० दिवसांची मुदत, पण ते ३० दिवस तुमच्या हरकतीच्या मुदतीतून जातात हे लक्षात ठेवून आजच टाका, उद्या नको.

प्लॅन दोन-चार जातीचे असतात आणि प्रत्येकाची वाट वेगळी. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ खाली प्रादेशिक योजना असेल तर प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी किमान चार महिने मिळतात. एखाद्या शहराची विकास योजना असेल तर ३० दिवस. विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं असेल तर तुमच्या गावाचं बांधकाम परवानगीचं सगळं खातंच तिकडे जातं. मार्च २०२४ मध्ये पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग मिळून १६३५ गावांसाठी सिडकोची अशीच नेमणूक निघाली आणि किती सरपंचांना ते पेपरात वाचून कळलं! रेवस-रेड्डी सागरी मार्गालगत १३ ग्रोथ सेंटर आहेत ती वेगळी, त्यांच्या १०५ गावांसाठी रस्ते विकास महामंडळाला प्राधिकरण केलेलं. तेव्हा तुमचं गाव यातल्या नेमक्या कुठल्या कागदावर आहे, तो कागद आजही तसाच लागू आहे की मागाहून बदललाय, हे अधिसूचना नंबरासकट लिहून ठेवा. नोटिशीवर जी शेवटची तारीख छापलीये तीच खरी, माझ्या लेखातली नाही.

आता एक गोष्ट जी बहुतेकांना माहीत नसते आणि जिच्यामुळे मी म्हणतो की प्लॅनच्या टप्प्यावरच जागे व्हा. लोकांना वाटतं पुढे प्रकल्प आला की जनसुनावणी होईलच, तेव्हा बोलू. होईलच असं नाही. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत २० हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला मंजुरी लागते खरी, पण बांधकाम नि टाउनशिप प्रकल्प जनसुनावणीतून सर्वसाधारणपणे वगळलेत. सामाजिक परिणाम मूल्यांकन २०१३ च्या भूसंपादन कायद्यात आहे, पण ते जमीन संपादन केली तर. नुसता नकाशावरचा हिरवा (शेती) झोन पिवळा (रहिवासी) झाला, आणि मग तुमच्याच भावकीने मुंबईत बसून बिल्डरला जमीन विकली, तर संपादन झालंच नाही, मग मूल्यांकन कसलं? शिवाय राज्याने २०१८ च्या दुरुस्तीने काही प्रकारच्या प्रकल्पांना त्यातून सूट द्यायची सोयही करून ठेवलीये. म्हणजे झोनचा रंग बदलतो तो दिवस महत्त्वाचा. नंतर फक्त इमारतींची उंची किती यावर वाद उरतो.

माणसं गोळा करा, पण योग्य ती

पाच-सात जण पुरे. त्यात आशाताई हवीच, कारण कुठल्या घरात कोण आजारी, कोण एकटं राहतं हे तिच्याएवढं सरकारलाही माहीत नसतं. एक तांडेल (बोटीवरचा म्होरक्या) किंवा रापणवाला (किनाऱ्यावरून जाळं ओढणारा मच्छीमार). एक बागायतदार आणि एक ज्याची स्वतःची जमीन नाही असा, दोघंही. शाळेतले गुरुजी. आणि एक चाकरमानी पोरगा किंवा पोरगी ज्याला कॉम्प्युटरवर नकाशे उघडता येतात, ते मुंबईत बसूनही काम करू शकतात. गावकीच्या अध्यक्षांना घ्या पण सूत्रं त्यांच्या हाती देऊ नका, असं मी म्हणतोय, पुढचं तुमचं तुम्ही बघा. ज्याने आधीच जमिनीचा विसार घेतलाय तो टीममध्ये नको. हे विचारायला अवघड जातं पण पहिल्याच मीटिंगला विचारून टाका.

बायका मीटिंगला येऊन मागे बसतात आणि गप्प राहतात हा सगळीकडचा अनुभव. त्यांच्यासाठी वेगळी बैठक ठेवा, महिला सभेची तरतूद ग्रामपंचायत कायद्यात आहेच, वेळ दुपारची, मासे आवरून झाल्यावर.

नकाशा वाडीवर उतरवा

या कामातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात मजेचा भाग हाच. प्लॅनचा नकाशा एवढ्या लहान स्केलला असतो की तुमचं अख्खं गाव बोटाच्या पेराएवढं दिसतं. पिवळा म्हणजे बहुतेक रहिवासी, जांभळा उद्योग, हिरवा शेती, तरी सूची बघूनच बोला. गावाला सरासरी काय होईल या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘विकास होईल’ असंच येतं. प्रश्न असा विचारायचा की खालच्या वाडीला काय होईल, बौद्धवाडीला काय, खारवीवाडीला काय, सड्यावरच्या, म्हणजे वरच्या उघड्या कातळावरच्या, धनगरवाड्याला काय. गावाला फायदा आणि एका वाडीचं वाटोळं हे एकाच प्लॅनमध्ये सुखाने नांदू शकतं.

तर करायचं असं. गट नंबर असलेला गावनकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या, प्लॅनचा नकाशा मोबाईलमध्ये घ्या, आणि झोनच्या हद्दीवरून प्रत्यक्ष चाला. पावसाळ्यात नाही, पण पावसाळ्याच्या तोंडाशी एकदा आणि मे महिन्यात एकदा जमलं तर सोनंच. चालताना काय टिपायचं? विहिरी, पऱ्या (छोटे ओढे), वहाळ, पाणवठे. पाखाड्या (दगडी पायवाटा) आणि पाणंदी, म्हणजे शाळेत जायची वाट कुठून जाते. देवराई, मसणवट, शिमग्यात पालखी फिरते ती वाट. गुरं कुठे सोडतात. खाजण कुठे, खारभूमीचा बांध कुठे. कातळशिल्पं असतील तर तीही, कोकणातली काही २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. यातलं निम्मं सातबाऱ्यावर नसतं. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ (लागवडीला न येणारी जमीन) लिहिलेलं असतं आणि प्लॅन करणाऱ्याला वाटतं रिकामी जागा आहे, इथे बांधा.

सडा हे त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण. वरून बघाल तर काळा उघडा कातळ, झाड नाही झुडूप नाही, सॅटेलाइटवर तर अगदी ‘पडीक’. पण जांभ्याला भेगा नि पोकळ्या असतात, पावसाचं पाणी तिथूनच खाली मुरतं आणि उताराच्या पायथ्याच्या विहिरींना, झऱ्यांना मिळतं. वर काँक्रीट घातलं की दोन गोष्टी होतात, पावसाळ्यात पाणी मुरायचं सोडून एकदम खाली धावतं आणि मे महिन्यात खालची विहीर आटते. आणि वर सोसायटीचे शोषखड्डे आले तर तीच भेग आता सांडपाणी घेऊन खाली येते. म्हणून झोन सड्यावर असला तरी आधी नाव सड्याखालच्या वाडीचं लिहा.

किनाऱ्यावरची गोष्ट अशीच. मालवणकडच्या बाजूला बायकांच्या बैठकीत रस्त्याचा विषय निघाला तेव्हा एका काकींनी एकच प्रश्न टाकला होता, ‘रस्तो होवंदे, पण सुके मासे वाळत घालूक जागा खय उरतली?’ सगळ्या नकाशांवर ती जागा नुसती वाळू म्हणून दाखवलेली. त्या वाळूवर कितीतरी घरांचा पावसाळ्याचा पैसा वाळतो. नकाशावर अशा जागेला नाव द्या, किती बायका वापरतात, कुठल्या महिन्यात, ते शेजारी लिहा.

सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) रेषाही याच नकाशावर आणा. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण भागाचे दोन गट केलेत, २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा दाट वस्ती असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर, नाहीतर २०० मीटर ना विकास क्षेत्र. तुमचं गाव कशात टाकलंय ते तपासा, कारण तीनशे पावलांच्या गावात १५० मीटरचा फरक म्हणजे अर्धं गाव. नदीकाठी असाल तर जलसंपदा खात्याची निळी नि लाल पूररेषा मागा, निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या. आणि त्याच्या शेजारी २२ जुलै २०२१ ला पाणी प्रत्यक्षात कुठवर आलं होतं ते भिंतीवरच्या खुणांवरून काढा. चिपळूणकरांना हे सांगायची गरज नाही, वाशिष्ठी फुगलेली आणि वर समुद्राची भरती, पाणी जाणार कुठे. डोंगरउतार असेल तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवण क्षेत्राचे नकाशे ऑनलाइन मिळतात. त्याच दिवशी महाडजवळ तळियेत दरड कोसळून काय झालं ते आठवून ते गांभीर्याने बघा.

आज काय आहे ते लिहून ठेवा

याला बेसलाइन म्हणतात. हे नसेल तर पाच वर्षांनी ‘पूर्वी विहिरीला पाणी होतं’ हे तुम्ही शपथेवर सांगितलंत तरी कोणी ऐकणार नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रातून मागच्या तीन-चार वर्षांचे ताप, जुलाब, लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप), डेंग्यू, मलेरिया, सर्पदंश, विंचूदंश, अपघात यांचे महिनावार आकडे मागा, रुग्णांची नावं नकोत फक्त आकडे, वैद्यकीय अधिकारी देतात, न दिल्यास पुन्हा माहिती अधिकार. सिंधुदुर्गात असाल तर माकडतापाचेही मागा, दोडामार्गात २०१६ पासून तो दिसतोय आणि जंगलाच्या कडेला वस्ती सरकली की माणूस नि गोचीड यांची गाठ पडणारच. जिल्ह्याचा एकूण अंदाज घ्यायला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचं जिल्हा पत्रक आहे, २०१९-२१ चं, दोन-चार पानी, गर्भवतींमधला ॲनिमिया, स्वयंपाकाचं इंधन, शौचालय सगळं आहे त्यात. पण ते जिल्ह्याचं आहे, वाडीचं नाही, त्यामुळे त्याच्या जिवावर वाडीबद्दल विधानं ठोकू नका.

विहिरींचं मोजमाप स्वतः करा. दोरी, दगड, मोजपट्टी. एप्रिल, मे, नि जूनच्या पहिल्या पावसाआधी. पाण्याची तपासणी जिल्हा प्रयोगशाळेत करून घ्या, जलसुरक्षक असतो ग्रामपंचायतीकडे त्याला सांगा.

लोकसंख्येचा आकडा मात्र जपून. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. म्हणजे कमी झाली! जे दोन जिल्हे माणसं गमावत होते तिथे ग्रोथ सेंटरचा अंदाज एकदम हजारोंनी वाढ दाखवत असेल तर ही माणसं कुठून येणार हा साधा प्रश्न हरकतीत पहिला विचारा. इथलेच परत येणार, सेकंड होमवाले येणार की कामगार येणार? तिघांच्या गरजा वेगळ्या. परत येणाऱ्याला शाळा नि नोकरी हवी, सेकंड होमवाल्याला मे महिन्यात पाणी हवं, कामगाराला भाड्याची खोली, रेशन नि दवाखाना हवा.

आणि जनगणनेत जी माणसं दिसत नाहीत त्यांनाही धरा. आंब्याच्या बागांत राखणीला असलेले नेपाळी, त्यांच्या बायकापोरांसकट. बोटींवरचे परप्रांतीय खलाशी. चिरेखाणीवरचे कामगार. रत्नागिरीत २०११ ला हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, म्हणजे कर्ता पुरुष मुंबईला आणि घरात म्हातारे नि बाई, हे चित्र कागदावर आलंच पाहिजे कारण रुग्णालय १५ किलोमीटर लांब गेलं तर पोचवणार कोण हा प्रश्न त्यातूनच येतो.

महिन्यांचा तक्ता

एका मोठ्या कागदावर आडवे बारा महिने आणि उभ्या वाड्या. प्रत्येक चौकोनात लिहा की तेव्हा तिथे काय असतं, मग दुसऱ्या रंगाने लिहा की प्लॅन आल्यावर काय होईल. एवढंच. कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही.

मला विचाराल तर सरकारी अहवालात जे कधीच नसतं ते यात उतरतं. अहवालात पाण्याची मागणी ‘दररोज सरासरी’ अशी असते. कोकणात सरासरी दिवस असा नसतोच. जुलैत पाणी घरात शिरतं आणि मे महिन्यात टँकर. त्याच मे महिन्यात चाकरमानी येतात, लग्नं असतात, पर्यटक असतात, आंब्याचं कॅनिंग चालू असतं, सगळ्यांना पाणी त्याच पंधरा-वीस दिवसांत. गणपतीत पुन्हा गर्दी, तेव्हा पाणी मुबलक पण रस्ते तुंबलेले, अँब्युलन्स अडकते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्या काळात घरात रोख पैसा नसतो, आजारपण अंगावर काढलं जातं. भातलावणीच्या चिखलात लेप्टोचा धोका, बांधकामांचा कचरा नि त्यावरचे उंदीर त्यात भर घालतात. बांधकामाच्या टाक्यांत साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यू नि मलेरियाच्या डासांना आमंत्रण, आणि ते ऐन सप्टेंबर-ऑक्टोबरात. जमीन उकरायला लागले की साप-विंचू बाहेर येतात, विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिला म्हणून आज माणसं वाचतात, पण औषध केंद्रात असेल तर ना. साइट चालू होण्याआधी साठा विचारा.

थोडी आकडेमोड, घाबरू नका

समजा प्लॅनमध्ये तुमच्याकडे २० हजार नवी माणसं दाखवलीत. शहरी पाणीपुरवठ्याचं नेहमीचं प्रमाण माणशी दिवसाला १३५ लिटर, म्हणजे रोज २७ लाख लिटर. दहा हजार लिटरचे २७० टँकर, रोज. आणि नळपाणी योजनेत आपल्याला ५५ लिटर धरलेत हे विसरू नका, एकाच गावात दोन प्रकारची माणसं झाली की नाही! वापरलेल्या पाण्याचं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे २१ लाख ६० हजार लिटर. मैलाशुद्धीकरण केंद्र कुठे दाखवलंय? दाखवलं असेल तर त्यातून बाहेर पडणारं पाणी कुठल्या पऱ्यात, त्या पऱ्याच्या खाली कोणाची विहीर, आणि पुढे खाडीत कोणाचे कालवं-तिसरे? दाभोळ खाडीच्या मच्छीमारांनी लोटे औद्योगिक वसाहतीच्या पाण्याबद्दल वर्षानुवर्षं ओरड केलीये, ती वाचा, म्हणजे खाडीला एकदा लागलेलं दुखणं किती काळ रेंगाळतं ते कळेल.

आरोग्य केंद्रांचंही तसंच. डोंगराळ नि आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, सपाट भागात ३० हजाराला, असा राष्ट्रीय निकष आहे, उपकेंद्र अनुक्रमे ३ नि ५ हजाराला. म्हणजे वरच्या उदाहरणात निदान एक आख्खं नवं केंद्र लागेल. प्लॅनमध्ये त्यासाठी आरक्षण आहे का, आणि ते दलदलीत किंवा डोंगरकड्यावर तर टाकलं नाही ना, बघा. आरक्षण असणं आणि डॉक्टर असणं यात जमीन-अस्मानाचा फरक, पण आरक्षणच नसेल तर पुढचं सगळं राहिलंच.

कचऱ्याची जागा, स्मशानाची जागा, शाळा, बाजार, याच रीतीने. फार वेळ घालवू नका, आहे-नाही आणि कुठे एवढं लिहा.

परिणाम लिहायची रीत

‘प्रदूषण होईल, संस्कृती नष्ट होईल’ असं लिहिलं तर अधिकारी पान उलटतो. साखळी लिहायची. कशामुळे, कोणाला, कधी, किती जणांना, टाळता येईल का. नमुना देतो:

सड्यावरच्या गटांत रहिवासी झोन, त्यामुळे पाणी मुरणं कमी, त्यामुळे खालच्या वाडीच्या तीन विहिरी एप्रिल-मे मध्ये आटण्याची शक्यता, त्यावर अवलंबून अमुक घरं, पाणी आणायचं काम बायकांचं, पर्यायी विहीर इतक्या अंतरावर चढ चढून, गरोदर बायका नि म्हाताऱ्यांवर जास्त ताण. उपाय: सड्याचा एवढा भाग ना विकास क्षेत्र ठेवावा.

बस्स. असे दहा मुद्दे नीट असले तर पन्नास पानी निबंधापेक्षा भारी. प्रत्येक मुद्द्यापुढे पुरावा किती पक्का तेही लिहा, मोजलेलं, नोंदीतलं, की लोकांचं म्हणणं. लोकांचं म्हणणं हाही पुरावाच, पण त्याला मोजमाप म्हणू नका, नाहीतर एक चूक सापडली की सगळा अर्ज उडवून लावतात.

चांगले परिणामही लिहा. रस्ता चांगला झाला तर बाळंतिणीला जिल्हा रुग्णालय लवकर मिळेल, पोरांना गावात काम मिळालं तर घरं उघडी राहतील, हे खरंच आहे आणि ते न लिहिणाऱ्याला विकासविरोधी म्हणून बाजूला सारणं फार सोपं जातं. फक्त नोकऱ्या कुठल्या, कोणाला, किती दिवसांच्या हे विचारायचं.

सामाजिक बाजूत जमिनीचा भाग नाजूक. आपल्याकडे एका सातबाऱ्यावर चाळीस नावं असतात, निम्मी परळ नि विरारला, दोन कॅनडाला. भाव चढला की भावकीत कोर्टकचेरी सुरू, आणि ती जमीन कसणारा, ज्याचं नावच कुठे नाही, तो रस्त्यावर. यासाठी २०१३ च्या भूसंपादन कायद्याची व्याख्या वाचून घ्या, त्यात बाधित कुटुंब म्हणजे फक्त मालक नाही, आधीच्या तीन वर्षांपासून त्या जमिनीवर मजुरी किंवा कसणं यावर पोट असलेली कुटुंबंही, आणि वनांवर किंवा पाणवठ्यांवर जगणारी, मच्छीमार नि नावाडी धरून. झोन बदलताना हा कायदा लागत नसला तरी त्याच व्याख्येने तुमची यादी करा. सरकारच्याच कायद्याने मोजलंय म्हटल्यावर ‘ही कसली बाधितांची यादी’ असं कोणाला म्हणता येत नाही.

मनावरचा ताणही लिहा. सर्व्हे सुरू झाला की गावात दोन तट पडतात, एका पंगतीला बसणारे लोक बोलेनासे होतात. नाणार, बारसूचा रिफायनरीचा वाद बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. आरोग्याच्या अहवालात याला जागा आहे, लाजू नका.

पर्याय द्या

‘आम्हाला काहीच नको’ हे म्हणायचा हक्क आहे आणि गावाचं तेच मत असेल तर तेच लिहा. पण सोबत दुसरी मागणीही हवी, हे असंच होणार असेल तर निदान असं करा. झोनची हद्द अमुक पऱ्याच्या अलीकडे ठेवा. आधी पाणी नि मैलापाणी, मग बांधकाम परवानगी. गावठाणाच्या लगत थोडी थोडी वाढ, सड्यावर एकदम नवं शहर नको. सुकी मासळी, रापण, होड्या ओढायची जागा यांना नकाशावर स्वतंत्र आरक्षण. पाखाडी आणि पालखीची वाट कंपाउंडमध्ये जाणार नाही अशी अट. या मागण्या गट नंबरासकट असल्या की त्यावर ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ लिहावंच लागतं, मोघम असल्या की ‘नोंद घेतली’ लिहून फाइल बंद.

मांडणी, ठराव, सुनावणी

सुरुवातीला एक पान सारांश, साध्या मराठीत, वाचता न येणाऱ्याला वाचून दाखवता येईल असा. मागे वाडीवार नकाशा, महिन्यांचा तक्ता, विहिरींची मापं, फोटो तारखेसह. हे सगळं ग्रामसभेत वाचा आणि ठराव करून घ्या. वर्षातून चार ग्रामसभा तर होतातच, नसेल जवळ तर विशेष सभा मागा. कोरमकडे लक्ष द्या, कोरमशिवायच्या ठरावाची पुढे चेष्टा होते. चाकरमान्यांना बोलवायचं तर मे किंवा गणपतीत, पण हरकतीची मुदत गणपती बघून येत नाही, त्यामुळे त्यांच्या वैयक्तिक हरकती मेल, पोस्ट दोन्हीने पाठवायला सांगा.

गावाचा एकच सामूहिक अर्ज देऊन थांबू नका, तोही द्या आणि प्रत्येक घराचा वेगळाही. झेरॉक्स मारून नाव बदललेले पाचशे अर्ज एकच हरकत म्हणून मोजले जातात असा अनुभव आहे, म्हणून प्रत्येकाने निदान स्वतःच्या गटाबद्दलचं, स्वतःच्या विहिरीबद्दलचं वाक्य आपल्या शब्दांत लिहावं. पोच घ्या. शिक्का, तारीख, आवक नंबर. ‘साहेब बाहेर गेलेत, ठेवून जा’ म्हणाले तर तिथेच बसा, नाहीतर रजिस्टर पोस्ट.

सुनावणीत वेळ कमी मिळतो, कधी कधी दोन मिनिटं. भाषण करू नका. एक बाई आणि एक मासेमार यांना बोलू द्या, वकील शेवटी. नकाशा मोठा छापून टेबलावर पसरा, अधिकाऱ्याचं बोट त्या विहिरीवर ठेवता आलं तर अर्धं काम झालं. आपण जे बोललो ते इतिवृत्तात आलं का ते महिन्याभराने जाऊन बघा आणि नसेल तर लेखी कळवा.

प्लॅन मंजूर झाला तरी

वही बंद करायची नाही. मंजूर प्लॅनमध्ये तुमच्या कुठल्या मागण्या आल्या, कुठल्या गेल्या याचा एक तक्ता करा. मग दरवर्षी मे महिन्यात त्याच विहिरी, त्याच दोरीने, त्याच माणसांनी मोजा, आरोग्य केंद्राचे तेच आकडे पुन्हा मागा, आणि दोन्ही ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. हे काम कोणा एकाच्या डोक्यावर टाकलं तर तो मुंबईला गेला की संपलं, म्हणून शाळेतल्या सातवी-आठवीच्या पोरांकडे विहिरी द्या आणि आशाताईंकडे आजार. कुठल्याही बांधकामाचा परवाना निघाला की त्याच्या अटी मागवून घ्या, मैलाशुद्धीकरण, पाण्याचा स्रोत, कचरा, या तीन अटी तरी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा, आणि त्यातली एखादी मोडताना दिसली की फोटो काढून त्याच दिवशी प्राधिकरणाला नि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जिल्ह्यातल्या कार्यालयाला लेखी तक्रार करा, पोच घेऊन.